शून्य कणांची खोली

डोळ्यांत घालायचे थेंब बनवणाऱ्या एका कारखान्यात एक निर्जंतुक खोली होती आणि तिच्या हवेची जबाबदारी निरीक्षकांवर होती. हवेतले कण मोजणारं यंत्र त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं होतं. जंतू पकडायच्या बशा ते स्वतः मांडत. त्यांच्या आईचे थेंबही याच खोलीत भरले जात. थेंब घालायचे चुकले तर तिची नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे कामात कुचराई करायची त्यांची छातीच होत नसे.

तपासणी तोंडावर आली आणि कणांचे आकडे चढले. निरीक्षकांनी बारकाईने पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत आकडे उतरत, माणसं परतली की चढत. म्हणजे सगळा घोळ माणसांचाच होता.

आधी आत बोलायला बंदी झाली. मग शिंकेसाठी पूर्वपरवानगी आली.

"साहेब, शिंक काय विचारून येते?" बाटल्या भरणाऱ्या बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर परवानगी ठेवली आहे, बाई."

शेवटी बाईंनाच बाहेर बसवलं. तरी आकडा शून्यावर येईना, कारण भरणीचं यंत्र चालू झालं की तेही कण उडवी. निरीक्षकांनी ते बंद केलं.

"अहो, मग थेंब कोण भरणार?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"तो उत्पादन विभागाचा प्रश्न. माझ्याकडे हवा आहे."

तपासणी पथकाने काचेतूनच खोली पाहिली, कारण आत जायची परवानगी त्यांनाही नव्हती. शून्य कण, शून्य जंतू. पथक हरखून गेलं. निरीक्षकांना सन्मानचिन्ह मिळालं.

ते घेऊन निरीक्षक घरी आले, तर आई रिकामी बाटली हातात धरून बसली होती. दुकानात थेंबच येत नव्हते.

"आई, खोली मात्र आरशासारखी आहे गं."

"मला काय सांगतोस? लग्नातले कप मी अजून न वापरता काचेच्या कपाटात ठेवलेत. एकालाही टवका नाही. बघ, मला आता दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी भरणीचं यंत्र सुरू करण्यासाठी रीतसर अर्ज केला. मंजुरीचे अधिकार त्यांचेच होते. त्यांनी जड अंतःकरणाने तो नियमानुसार नामंजूर केला.

हसलात? हसा. फक्त आधी सांगा, आत्ता ज्या सोफ्यावर बसून वाचताय, त्याच्यावरचं प्लास्टिक काढलंत का?