टँकरच्या प्रोग्रामची चोरी टळली

पुंडलिकनगरच्या कोणत्या गल्लीत टँकर कधी जाणार, हे पाणी कार्यालयातला एक जुना संगणक ठरवत असे. शहर वाढत गेले, तशा त्यात गल्ल्याही वाढवल्या गेल्या. दसऱ्याला त्याला नियमाने हार घातला जाई. धरणाचा तळ उघडा पडला, त्याच उन्हाळ्यात त्याची डिस्क खडखडू लागली.

"सर, दोन-चार दिवस काढेल," दुरुस्तीला आलेला सत्यम म्हणाला. "आत्ताच प्रोग्रामची कॉपी काढून नव्या मशीनवर टाकतो."

"कॉपी?" कार्यालयप्रमुख मधुसूदन खुर्चीतून उठले. "हे शासकीय कार्यालय आहे. ती चोरी होईल."

"मग नवा विकत घ्या."

"कंपनी कधीच बंद पडली."

"मग चोरी कोणाची होणार?"

"ते चौकशीत ठरेल."

बाकावर भानुमतीबाई बसल्या होत्या. त्यांच्या गल्लीचा नंबर शुक्रवारी लागणार होता आणि ते फक्त त्या संगणकाला माहीत होते.

"करू द्या ना त्याला, साहेब. टाकी कोरडी पडलीय."

"ताई, चोरीच्या प्रोग्रामनं आलेलं पाणी देवाला चालेल का?"

"देवाचं मी बघते. तुम्ही टँकर पाठवा."

बंद पडलेल्या कंपनीचे मालक, कारभारी नावाचे गृहस्थ, दौलताबादला सापडले. संगणकाच्या धंद्यात दोन पैसे सुटत नाहीत म्हणून त्यांनी विहीर खोदली होती. आता ते टँकर भरून विकत होते.

"घ्या की कॉपी," ते हसले. "मला काय लोणचं घालायचंय त्याचं?"

"कंपनीच्या शिक्क्यानिशी लेखी द्या," मधुसूदन म्हणाले.

"कंपनीच नाय, तर शिक्का कुठला?"

"आणि बंद कंपनीचा शिक्का बनवणं हा गुन्हा आहे."

"मंग लई अवघड झालं, साहेब," असं म्हणत कारभारींनी चहा मागवला.

गुरुवारी संगणक कायमचा बंद पडला. कोणाचा नंबर केव्हा, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा ज्याचा फोन येईल त्याला टँकर द्यावा, असा तातडीचा निर्णय झाला. कार्यालयाचा फोन मागच्या उन्हाळ्यापासून मुका असल्याने साहेबांचा खासगी मोबाइल ग्राह्य धरण्यात आला. शुक्रवारी भानुमतीबाईंनी कारभारींचा टँकर विकत घेतला.

रविवारी मधुसूदन यांचा तत्त्वनिष्ठेबद्दल नागरी सत्कार झाला. साहेबांना फोन लावू शकणारे सगळे झाडून हजर होते. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. स्वच्छ अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला होतात.