साहेबाच्या पानाला रफू

जऊळक्याचे स्टेशन मास्तर बबनराव यांच्या हातून सकाळचा गरम चहा थेट त्यांच्या उजव्या पायावर सांडला. कारण साहेबाच्या झाडाच्या नव्या पानाला पाच भोकं पडलेली त्यांना दिसली.

"अवं, बुडालो! नोकरी गेली माही!"

प्रयागबाई धावत आल्या आणि नवऱ्याच्या पायाकडे न बघता आधी पानाकडे बघू लागल्या. रेल्वेचे गोरे इंजिनिअर साहेब रजेवर विलायतेला जाताना सातासमुद्रापलीकडची ही कुंडी मास्तरांच्या हवाली करून गेले होते. ऊन लागू द्यायचं नाही, पानं रोज ओल्या फडक्यानं पुसायची, असा हुकूम होता. बबनरावांची त्या दिवसापासून झोप उडाली; पण मूलबाळ नसलेल्या त्या घरात प्रयागबाईंना न्हाऊमाखू घालायला कुणीतरी मिळालं. तळहाताएवढी पानं सहा महिन्यांत सुपाएवढी झाली होती.

"अळी हाय," प्रयागबाईंनी निदान केलं. कपाशीच्या पानाला भोक म्हणजे अळी, वांग्याच्या पानाला भोक म्हणजेही अळीच. मग साहेबाचं झाड कोण लागून गेलं? राख झाली, तंबाखूचं पाणी झालं, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी झाली. अळी काही सापडली नाही. पुढचं पान तर आठवड्याभरात उमललं तेच सात भोकं घेऊन.

त्यातच तार आली. रजेवरून परतलेले साहेब उद्याच्या गाडीनं जऊळक्यावरून पुढं जाणार होते आणि झाड बरोबर नेणार होते.

"ते दोन पानं कापून टाकू काय?" बबनरावांनी हळूच विचारलं.

"हात तर लावून पाहा!"

प्रयागबाईंनी तडक तय्यब रफूगराला बोलावलं. त्यानं चष्मा पुसून पान उलटंसुलटं पाहिलं. "भाबी, शेरवानीचं रफू केलं, शालीचं केलं. पानाचं कदी नाई केलं. पन भोक म्हंजे भोकच!"

हिरवं कापड हवं होतं. प्रयागबाईंनी पेटीतून लग्नाचं हिरवं लुगडं काढलं, क्षणभर छातीशी धरलं आणि पदराला कात्री लावली. तय्यबनं मागून डिंकानं बारा ठिगळं अशी बसवली, की दोन हातांवरून कुणाला ओळखू येऊ नयेत.

गाडी आली. साहेब खिडकीतून वाकले. बबनरावांनी कुंडी उचलून धरली; प्रयागबाई त्यांना खेटून उभ्या होत्या. साहेबाचा चेहरा पडला.

"पत्ते में छेद नहीं आया?"

"छेद? एक बी नाई, साहेब!"

"चार बरस राह देखा," साहेब हळहळले. "ये झाड खुश होता है, तभी पत्ते में छेद आता है. छेद आता, तो हम साथ ले जाता, तुमको बडा स्टेशन देता. अब तुम ही रखो."

मोठं स्टेशन! बबनरावांनी तोंड उघडलं, "साहेब, छेद तं..."

प्रयागबाईंची टाच नेमकी भाजलेल्या पायावर पडली. बबनरावांची किंकाळी इंजिनाच्या शिट्टीत विरून गेली आणि गाडी हलली.

घरी येऊन प्रयागबाईंनी ओल्या फडक्यानं एकेक ठिगळ अलगद सोडवलं. बारा भोकांतून पलीकडची भिंत दिसू लागली. त्यांचे डोळे भरून आले. "माह्या घरात खुश हाय वं माय तू!"

बबनराव पाय पाण्यात बुडवून बसले होते. बायकोचा चेहरा पाहून त्यांना मोठ्या स्टेशनाचं काही बोलवेना.

मागोमाग आलेल्या तय्यबनं ठिगळं गोळा केली. "भाबी, लुगडं आना. पदर रफू करून देतो."

प्रयागबाईंनी पदर उजेडाकडे धरून पाहिला आणि हसल्या.

"राहू द्या, तय्यबभाई. भोकं असू द्या."