कागद हातात धरून नाटक

तिसरीतल्या पोरांना वाचायला शिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी ठाण्यातल्या बाळकुमच्या आमच्या मराठी शाळेच्या स्टाफरूममध्ये तोंडात साबुदाणा वडा असताना जाहीर केलं. मुख्याध्यापिका सरोजबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“असं? मग गुरुदत्त सर, तुमचा प्रीतम अजून ‘कमळ’ वाचताना घामाघूम का होतो?”

“बाई, वाचननाट्य!” मी वडा गिळला. “पाठांतर नाही, रंगभूषा नाही. प्रत्येकाच्या हातात कागद, आणि आपापली वाक्यं अभिनय करत मोठ्याने वाचायची. रोल मिळाला की पोरगं आपोआप वाचतं!”

“ठीक आहे. शनिवारी केंद्रप्रमुख येतायत. त्यांच्यासमोर प्रीतम वाचला तर उत्तम. नाही वाचला, तर सोमवारपासून वाचनाच्या तासाला त्याला दुसरीत बसवायचं.”

शाळेत बातमी लपत नाही. मधल्या सुट्टीत प्रीतम माझ्यासमोर उभा! “सर, दुसरीत नको ना. तिकडे ऐश्वर्या आहे.”

ऐश्वर्या म्हणजे त्याची धाकटी बहीण. “ती पूर्ण आळीत सांगेल, दादा माझ्या बेंचवर बसतो.” मला फार वाईट वाटलं. मी शब्द दिला, “तू तिसरीतच राहणार!”

मग मी ‘मंडईतलं भांडण’ हे नाटक लिहिलं. वांगं, भोपळा, कारलं आणि भेंडी. प्रीतमला भेंडी दिली, कारण तिची वाक्यं सोपी होती. ‘मी कोवळी. मला चिरू नका.’ सगळ्यांना कागद दिले आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘नाटकाचा सराव करून घ्यावा.’

इथेच मी माती खाल्ली! ठाण्यात पालकांपुढे ‘नाटक’ हा शब्द काढताना दहादा विचार करावा. इथे दर दोन घरांमागे एकाने एकांकिकेत काम केलेलं असतं, आणि दुसऱ्याने पडदा ओढलेला असतो. संध्याकाळीच भोपळा झालेल्या सुश्रुतच्या आईचा, देवयानीताईंचा फोन आला.

“सर, स्टेजवर कागद हातात घेऊन? शी! कॉलेजात आमच्या डायरेक्टरने हाकलून दिलं असतं!”

“ताई, आपल्याला नाटक नाही, वाचन शिकवायचंय.”

“मी बसवते ना भोपळा. तुम्ही टेन्शनच नका घेऊ!”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर प्रीतमची आजी, गोदूबाई! तिचे यजमान दगडूबाबा गावच्या जत्रेतल्या नाटकात वर्षानुवर्षं राजा व्हायचे. तिने मला तिथेच अडवलं.

“मास्तर, आमचे गावान कागद बघून बोलनारा राजा झाला नाय, नि भेंडी पन व्हनार नाय!”

“अहो आजी, पण त्याने वाचायला हवं!”

“त्याची आय वाचते, तो पाठ करतो. चिंता करू नका!”

त्याच रात्री देवयानीताईंनी सुश्रुतचा बिनकागदाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. झालं! इतर आया इरेला पेटल्या. शुक्रवारपर्यंत अख्ख्या मंडईचं पाठांतर चोख झालं होतं. प्रीतमला तर सगळ्यांचीच वाक्यं येत होती, शिवाय कंसातलं ‘भोपळा रागाने बघतो’ हेसुद्धा!

शनिवारी केंद्रप्रमुख चांगदेव साहेब आले. मागे पालक गजरे माळून बसलेले, पुढे हिरव्या कापडात गुंडाळलेली भेंडी. कोणाच्याच हातात कागद नाही! मी धावत जाऊन एकेकाच्या हातात कोंबला. नाटक सुरू झालं, तर सुश्रुत त्याने वारा घेतच वाक्यं म्हणू लागला.

“छान बोलतात हो मुलं,” साहेब म्हणाले. “पण भेंडीचा कागद उलटा आहे.”

“साहेब, भेंडी देठाकडूनच धरतात!” मी म्हणालो. साहेब हसले नाहीत.

माझ्या डोक्यात वीज चमकली. “रोल बदला!” मी ओरडलो. दुसऱ्याचं वाक्य म्हणायचं तर वाचावंच लागेल ना! भोपळ्याला मी कारलं केलं. तो कागदाकडे बघेना, आईकडे बघून रडू लागला. देवयानीताई मागून हातवारे करू लागल्या. वांग्याने तोंड मिटलं. आणि मग भेंडीच पुढे आली. प्रीतमने वांगं, भोपळा, कारलं, सगळ्यांची वाक्यं एका दमात म्हटली आणि शेवटी ‘पडदा पडतो’ असंही खणखणीत सांगितलं!

टाळ्यांचा कडकडाट! पण सरोजबाईंनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. ती प्रीतमनेही पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

साहेब उठले. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर काहीतरी लिहिलं. “बाळ, हे तर पाठ नाही ना तुझं? वाच.”

मी फळ्याकडे पाठ करून प्रीतमच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो. “घाबरू नकोस हं! काना बघ! मात्रा बघ! अक्षराला अक्षर जोड! घाई नको, मी आहे ना!”

“स... स-रां...”

“शाब्बास! पुढे! श्वास घे! माझ्याकडे नको, फळ्याकडे बघ!”

“सरां-नी... ग...”

“जोडाक्षर आहे का? असेल तर हळू! आठव, आपण काय केलेलं!”

“गप्... गप्प... ब-सा-वं.”

आपण काय वाचलं ते प्रीतमच्या हळूहळू लक्षात आलं. त्याने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे एवढाले झाले! मग त्याने छाती काढली, एक हात उंचावला आणि राजाच्या थाटात पुन्हा वाचलं, न अडखळता.

“सरांनी गप्प बसावं!”

मी वळून पाहिलं. खरोखरच तेच लिहिलं होतं! अख्खी खोली हसून लोळली. गोदूबाई पदराने डोळे पुसत ओरडत होती, “वाचतो गो आमचा प्रीतम, वाचतो!” माझेही डोळे भरून आले. निम्मे आनंदाने, निम्मे लाजेने.

“बाई, हा तिसरीतच राहू द्या,” साहेब म्हणाले.

सरोजबाई लगेच कबूल झाल्या. फक्त त्यांनी त्या वाक्याभोवती चौकोन आखला आणि खाली लिहिलं, ‘पुसू नये’. आता रोज तास सुरू झाला की अख्खी तिसरी ते वाक्य साभिनय वाचते, आणि मी गप्प बसतो. काय करणार? तेव्हापासून पोरं भराभर वाचायला लागलीत हो!