तळेखांबास कोण गेले त्याची हकीकत

श्रीदेवीचे पायी मस्तक ठेवोन, आणि या दरबाराचे मीठ खाल्ल्याची लाज गिळोन लिहितो. शके सतराशे बेचाळीस, विक्रम नाम संवत्सर. नावाची काय ही थट्टा!

ते साली टोपीकरांशी तह जाहला की राज्याने आर्मी ठेवू नये. श्रीमंतांचे तोंड उतरले. मग दुभाषे अंताजी मल्हार यांणी इंग्रजी शब्द उलगडोन सांगितले की, आर्मी म्हणजे मुलूख राखावयास लढे ती फौज, ती बुडाली. मिलिशिया म्हणजे रयतेने वेळेस हत्यार धरावे, तेही मना. परंतु गार्ड म्हणजे राजवाड्याचे दारी उभा राहे तो, त्याणे दार सोडू नये, आणि एस्कॉर्ट म्हणजे श्रीमंतांचे स्वारीबरोबर चाले तो, स्वारीवाचून त्याणे पाऊल उचलू नये. हे दोन ठेवावयास साहेबांची ना नाही. दरबार खूष जाहला, आणि साखर वाटली, आणि आम्हीही तोंड गोड केले, खोटे कशास सांगावे.

पुढे आश्विनात खबर आली की दोन कोसांवरचे तळेखांब गाव पुंडांनी घेरले. एस्कॉर्टाचे जमादार सुभानजी काकडे यांची लेक मैना त्याच गावी दिली होती. सुभानजींनी पागोटे श्रीमंतांचे पायावर ठेविले आणि म्हणाले, "सरकारांनी नुसते पालखीत बसावे. पुढचे आम्ही पाहतो." श्रीमंत बोलिले की आजच अभ्यंग जाहले, वारा बाधेल. मग गार्डास विचारावे तर गार्ड दार सोडीना, आणि दिवाणजी म्हणो लागले की साहेबांस पत्र लिहून पाहू. तेव्हा सुभानजींनी बंदूक आणि सरकारी डगला तिथेच उतरविला, आणि अठरा गडी घेऊन कुऱ्हाडी-काठ्यांनिशी निघाले, आणि बायकापोरे नदीपार होईतो वेस धरिली, आणि सारे तिथेच पडले.

दुसरे दिवशी मैना दरबारी आली आणि बापाचे सरणापाशी सरकारी मानाचा बंदुकीचा बार मागो लागली. साहेबांचा निवाडा आला की, हे आर्मी नव्हेत, गार्ड नव्हेत, एस्कॉर्टही नव्हेत, हे मॉब. अंताजींनी मान खाली घालोन तिला सांगितले की मॉब म्हणजे हुकमावाचून जमलेली गर्दी.

मैना म्हणाली, "गर्दी कसली, काका? एकोणीसच तर होते. गर्दी हितं हाय, दरबारात."

 बार काही निघाला नाही.

सारांश, तळेखांबास सरकारातून कोणी गेले नाही, सबब कोणी मेलेही नाही, ऐसे दप्तरी लागले. ते अक्षर आमचे.