निळ्या वाडग्यावरचे दोन प्रयोग

वाडगा वापरण्यासाठी असतो, हे आईला पटवायला मला डरहॅमच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून यावं लागलं (तरी पटलं नाहीच). राणीच्या ज्युबिलीला बाबांनी स्वतः दाबयंत्राचा दांडा ओढून, साच्यात काच दाबून केलेला निळा वाडगा. काठावर मुकुटांची नक्षी. गेट्सहेडच्या आमच्या गल्लीत तो घरोघरी आहे, कारण घरोघरी कुणीतरी बाबांच्याच काचकारखान्यात आहे. आणि घरोघरी तो पुढच्या खोलीत रिकामा बसतो, कडक कॉलर घातलेल्या पाहुण्यासारखा.

त्या रविवारी चारला थर्लवेलबाई चहाला येणार होत्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका; तिथे विज्ञान शिकवायला कुणीतरी हवं होतं आणि मला ती जागा हवीच होती. मी ठरवलं, कस्टर्ड निळ्या वाडग्यातच वाढायचं.

"आधी निवू दे," चॅपेलला निघताना आई म्हणाली.

"आई, मी उष्णतेवर निबंध लिहिलाय."

"मग त्या निबंधातच वाढ."

ती वळताच मी उकळतं कस्टर्ड ओतलं. टक् झालं आणि एका वाडग्याचे दोन झाले (दोन्ही गळके).

घाबरणं अडाण्यांचं काम. मी विचार केला: दोष उष्णतेचा नाही, बाबांचा. वाडगा भट्टीत पुरता निवायच्या आत बाहेर काढला असणार. पण एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, असं कॉलेजात शिकवतात. म्हणून मी शेजारच्या ऑर्डबाईंचा वाडगा मागून आणला, पातेल्यात उरलेलं कस्टर्ड पुन्हा उकळलं आणि ओतलं.

टक्.

तेवढ्यात दारात थर्लवेलबाई, त्यांच्यामागे आई आणि आईमागे, वाडग्याच्या काळजीने, ऑर्डबाई. आवाज ऐकून बाबाही माडीवरून उतरले. त्यांनी तुकड्यांवरून अंगठा फिरवला.

"काचेत खोट नाही. ही चांगली सावकाश निवलेली आहे," ते म्हणाले. "आमची पोर तेवढी निवायची राहिली."

"माझा वाडगा, आर्चीभाऊ?" ऑर्डबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हाला दुसरा करून देतो. हिला मात्र दुसरी करता येणार नाही."

थर्लवेलबाईंनी कस्टर्डविना कोरडा केक शांतपणे संपवला आणि उठताना म्हणाल्या, "सोमवारी शाळेत या. जागा आहे."

मी आईकडे असं पाहिलं, जणू वाडगा तिनेच फोडला होता.

सोमवारी वर्गात चाळीस मुली, चाळीस सुया आणि फळ्यावर, विज्ञानाचा नव्हे, शिवणकामाचा पहिला धडा: फाटलेले सांधणे.

(काच त्यात येत नाही. मी विचारलं.)