किशोरीची खिरापत

नवरात्र उठायच्या दिवशी, म्हणजे भोंडल्याच्या शेवटच्या दिवशी, किशोरीने घरातल्या दोघांना दोन थापा मारल्या. सासूला, जनीबाईंना, सांगितलं की खिरापतीला रव्याचे लाडू करतेय. नवऱ्याला, चंदरला, सांगितलं खोबऱ्याच्या वड्या. घरात फितुरी होती आणि आज फितूर सापडणार होता.

आता भोंडल्यात फेर धरतात, गाणी म्हणतात, ते सगळं खरं. पण बायकांचा जीव असतो खिरापत ओळखण्यात. डबा बंद ठेवायचा आणि जमलेल्यांनी आत काय ते सांगायचं. जिची खिरापत ओळखता येत नाही, तिचा वर्षभर तोरा. किशोरी लग्न होऊन किहीमला आली तेव्हापासून तिची खिरापत मात्र पहिल्याच फटक्यात ओळखली जाई. गेल्या साली डबा नीट टेकवलाही नव्हता, तोच शेजारची मृणाली म्हणाली, "शेवेचे लाडू." शेवेचे लाडू काय असे आपोआप सुचतात कुणाला? तेव्हापासून किशोरीचा कुणावर म्हणून विश्वास उरला नव्हता.

यंदा तिने घाट घातला दुधीच्या वड्यांचा. दुधी पिशवीत कोथिंबिरीखाली दडवून आणला. वास फुटू नये म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली आणि एकटीच घाटत बसली. दरवर्षी ती पाक झाला का ते सासूला विचारायची. यंदा विचारणार कसं? रव्याच्या लाडवांत दुधी कुठून आला म्हणून सांगणार? थोड्या वेळाने जनीबाईंनी दार वाजवलं. "किशोरी, करपतंय गो काय तरी."

ही माहिती काढतेय, किशोरीने ओळखलं. "रवाच आहे आई, खमंग भाजतेय," ती आतून म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी काढत घाटत राहिली.

संध्याकाळी अंगणात फेर झाला. किशोरीने डबा मध्ये ठेवला आणि मृणाली ताबडतोब म्हणाली, "रव्याचे लाडू."

सापडली! किशोरीने सासूकडे रोखून बघितलं आणि सावकाश मान हलवली. नाही. मृणाली गडबडून जनीबाईंकडे बघू लागली आणि जनीबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. मग बायकांनी करंज्या म्हणून बघितलं, शंकरपाळे म्हणून बघितलं, अनारशांपासून घावनापर्यंत सगळं सांगून झालं. शेवटी त्या हरल्या. किशोरीचा आनंद गगनात मावेना. तिने झाकण काढलं.

बायका डब्यावर वाकल्या. डब्यात काळपट हिरवं असं काहीतरी होतं. पाडलेल्या वड्या पुन्हा एकजीव झाल्या होत्या. मृणालीने चमच्याने थोडं खरवडून तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि हळूच विचारलं, "सुरण?" दुसरी म्हणाली अळू असेल. खाता खाता ओळखणं नव्याने सुरू झालं. किशोरी सांगणार, तेवढ्यात जनीबाईंनी तिला पाणी आणायच्या निमित्ताने आत ओढलं.

"दरवर्षी तुम्हीच सांगत होतात ना?" किशोरी फणकारली.

"व्हय, मीच," जनीबाई म्हणाल्या. "नाव आधी ठाऊक असलं का माणूस त्या नावानं गिळतं. शेवेचे लाडू म्हणून सांगितलं, म्हणून बायकांनी लाडू समजून खाल्ले. न्हायतर गेल्या सालीच इज्जत जायची तुझी. आणि यंदा मलाच खोटं सांगून बसलीस."

किशोरीला रडूच फुटायचं बाकी होतं. ती तांब्या घेऊन बाहेर आली. तोंडातला घास कसाबसा खाली ढकलत मृणालीने एकदा शेवटचं विचारून बघितलं. "फणसाच्या वड्या ना गो?"

किशोरीने दारात उभ्या सासूकडे बघितलं.

"बरोब्बर ओळखलंस," ती म्हणाली.

सगळ्या बायकांचा जीव भांड्यात पडला. तरीच म्हटलं, फणस असाच लागतो, असं म्हणत एकेकीने आणखी थोडं वाढून घेतलं.