न पिण्याची परवानगी

सापगावात हळदीला न पिणं हा गुन्हा नव्हे. त्याला फक्त परवानगी लागते. ती देण्याचे अधिकार धर्माकाकांकडे, कारण मांडवामागचं बाटल्यांचं टेबल तेच सांभाळतात.

वाशिंदच्या कारखान्यात कामाला असलेल्या दिपेशला ती परवानगी हवी होती. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना. भावनानं सगळ्या तपासण्या केल्या, उपास केले, नवस बोलली. शेवटी शहापूरच्या डॉक्टरांनी तिला बाजूला बसवून नवऱ्याला तपासलं. लिव्हरला सूज, शुक्राणूही कमी. "दारू बंद करा, दोन्हींना फायदा होईल," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दिपेशनं थेंब घेतला नव्हता.

पण काकांच्याच मुलाच्या हळदीला ग्लास पुढे आला.

"काका, लिव्हरला सूज हाय."

टेबलाभोवती आदराची शांतता पसरली. लिव्हर बिघडणं ही कर्तबगारी. त्यात लाजायचं काय?

"रिपोर्ट दाखव."

दिपेशनं मोबाइलवर ताजा रिपोर्ट दाखवला. काकांचा चेहरा उजळला. "अरे, सूज उतरली की! एवढं चांगलं लिव्हर रिकामं ठेवतो? भरा रे याचा!"

आता आली का पंचाईत! परवानगी हवी तर पिऊन लिव्हर पुन्हा बिघडवून आणण्याखेरीज मार्ग उरला नाही.

तिकडे मांडवात भावना हळद लावायला पुढे झाली. काकीनं तिचा हात हलकेच मागे सारला. "तू नको गो. लेकुरवाळ्या लावतील."

टेबलाजवळून दिपेशनं ते पाहिलं. त्यानं ग्लास आपटला. "काकी, लावू दे तिला! तिच्यात काय नाय. खोट माझ्यात हाय. पोर पायजे म्हणून सोडलीय मी!"

वाजता बेंजो थांबला. काकांनी पूर्ण विचारांती निर्णय दिला, "लिव्हरचं कारण चालतं. पुरुषात खोट? आपल्यात तशी पद्धतच नाय."

सगळे खो खो हसले. भावनानं मात्र कोणाला न विचारता नवरदेवाचे दोन्ही गाल पिवळे केले.

जेवणं झाल्यावर दिपेश हात धुवायला गेला, तर काका पाठोपाठ. "त्या डॉक्टरचा नंबर दे रे. एका मित्राला पायजे. लिव्हरचं हाय, आणि ते दुसरं पण." काका सरकले, तर मागे रांग. सगळ्यांचे मित्रच आजारी; स्वतः मात्र ठणठणीत!

नंबर इथे मुद्दाम दिलेला नाही. तुमच्या मित्राला हवा असेल तर त्यालाच पाठवा. तुम्ही कशाला त्रास घेताय?